बंद घराचा दिवस

गेल्या वर्षी श्रावणात माझा आवाज गेला. एकदम गेला नाही. सरकारी कामासारखा हळूहळू गेला. आधी घसा बसल्यासारखा वाटला. मग दूधवाल्याला "उद्या अर्धाच लिटर" सांगताना शेवटचा शब्द फुटेना. शेजाऱ्यांचे गणपती येईपर्यंत अशी वेळ आली की फोनवर मुलानं विचारलं, "बाबा, तुम्हीच बोलताय ना?" सर्दी झालीय, असं मी सांगितलं. मुलगा पुण्याला नोकरी करतो आणि दर रविवारी न चुकता फोन करतो. सर्दीवर विश्वास ठेवणं आम्हा दोघांनाही सोयीचं होतं.

मी महाडच्या कोर्टात कारकून होतो. निवृत्त होईपर्यंत रोज इतरांची भांडणं फायलीत लावली आणि सोबतीला तंबाखू खाल्ली. आमच्याच टेबलावरच्या एका सहकाऱ्याचा आवाज असाच बसला होता आणि पुढच्या वर्षी त्याच्या शोकसभेत मी बोललो होतो. त्यामुळे मला काय वाटत होतं ते वेगळं सांगायला नको. अशा वेळी लोक देवावर भार टाकतात. आम्ही बौद्ध, बुद्धांनी नवसाची खिडकी उघडलेलीच नाही, त्यामुळे रांगेत उभं राहण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय चमत्कारांच्या हकिकती मी आयुष्यभर संशयानं ऐकत आलो. पुढे जे लिहिणार आहे तेही वाचकांनी तसंच वाचावं, माझी हरकत नाही.

बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती असताना घरात बोलणं इतकं होतं की शांतता मिळावी म्हणून मी संध्याकाळी बाहेर पडत असे. ती गेल्यावर शांतता भरपूर मिळाली. रक्तदाबाची एक गोळी होती, ती सहा महिन्यांत दोन झाली, मग साखर आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मी रोज सकाळी चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारू लागलो. त्या पाण्यासाठी आमची माणसं एकदा चालत आली होती. माझे आजोबा त्या गर्दीत होते असं घरात सांगतात. आमच्याकडे सगळ्यांचेच आजोबा त्या गर्दीत होते. नातू साखर उतरावी म्हणून तिथे चालतो आणि वाटेत कुणाशीही बोलत नाही, हे त्यांना पाहायला मिळालं नाही ते बरंच झालं.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई होत्या. नाकातून दुर्बीण घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. गाठ दिसत नाही, पण एका बाजूला पांढरट डाग आहे. तो तसाच राहिला तर नमुना काढून तपासावा लागेल, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, असं म्हणाल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला वैद्यकीय वाटला नाही.

"काका, दिवसभरात तुम्ही किती बोलता?"

मी आदल्या दिवसाचा हिशेब केला. दूधवाल्याशी दोन वाक्यं. औषधाच्या दुकानात एक. सोसायटीच्या वॉचमनला मान हलवली होती, पण ती बोलण्यात धरता येत नव्हती.

"आवाज हा पण शरीराचाच भाग आहे," त्या म्हणाल्या. "हातपाय न हलवता पडून राहिलात तर काय होतं? तंबाखू आजपासून बंद. पाणी प्या. आणि रोज थोडं मोठ्यानं वाचा, ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. कुणाला तरी वाचून दाखवा."

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री मी भिंतीला वर्तमानपत्रातली एक निविदा सूचना वाचून दाखवली. भिंतीनं ती शांतपणे ऐकली. तिसऱ्या ओळीला माझा मलाच कंटाळा आला.

त्या प्रश्नानं मात्र माझा पिच्छा सोडला नाही. मी सहा महिन्यांचा असताना आई तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारच्या घरातल्या बाईनं मला तिच्या मुलीबरोबर अंगावर पाजलं. नाहीतर मी हे लिहायला उरलो नसतो. चार वर्षांचा असताना मला कावीळ झाली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा दादा मला पाठीवर घेऊन वाडीपासून पोलादपूरच्या दवाखान्यात चालत गेला, वाटभर मला शिव्या देत, कारण मी त्याच्या मानेवर ओकलो होतो. पुढे कोर्टात वरिष्ठांनी एकदा सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हा मला आम्लपित्त झालं. त्यांची बदली झाली आणि ते बरं झालं. बायको गोळ्या वेळेवर देई म्हणून रक्तदाब ताब्यात आहे असं मला वाटे. आता त्याच गोळ्या मी वेळेवर घेत होतो आणि तो ताब्यात नव्हता. माझ्या आजारांचे कागद मी तारखेप्रमाणे लावून ठेवलेले आहेत. प्रत्येक कागदामागे कोणतं तरी माणूस आलेलं किंवा गेलेलं आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. कारकुनाला कागद दिसतो.

आणि दादा तर अकरा वर्षांपूर्वी गेला होता. म्हणजे जिवंत होता, आहे. माझ्यापुरता गेला होता.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळीच्या रस्त्याला घाट सुरू होण्याच्या आधी आत वळल्यावर. तिथे वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. विहार नव्हता तेव्हा ते पाळीनं घरोघरी होई, आणि विहार झाल्यावरही लोकांनी ती पद्धत मोडली नाही. ज्या घराचा दिवस, त्या घरी सगळी वाडी जमते. घरचे खीर करतात. वाचणारा मी. शाळेत असल्यापासून मीच वाचत होतो आणि महाडला राहायला गेल्यावरही पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळच्या गाडीनं जात होतो. मग विहार बांधला गेला. दादा बांधकाम समितीचा अध्यक्ष. उद्घाटनाच्या दिवशी मी आत गेलो आणि वर पाहिलं, तर छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात दात्याचं नाव, गाव आणि "यांजकडून सप्रेम". दाता दादाच होता. मला माईक दिला गेला. ज्यांनी राज्य सोडलं त्यांच्या घरात आपल्याला पंखासुद्धा नावाशिवाय सोडवत नाही, असं मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण लोक हसले, आणि हसले की मला थांबता येत नाही. "पंखा चालू केला की पुण्य दिसेनासं होतं, म्हणून कृपया उकाडा सोसावा," असंही मी म्हणालो.

दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपासून तुझं घर वाचनातनं गेलं. ग्रंथाला हात लावायचा नाय." मी चप्पल घातली आणि आलो. आईच्या माघारी माझ्या वाट्याला आलेल्या घराला कुलूप लावून किल्ली महाडला आणली. मध्ये लग्नं झाली, मयतं झाली. माझ्या बायकोच्या मयताला वहिनी आणि पुतणे आले. दादा आला तो रस्त्यापलीकडे उभा राहून गेला, असं नंतर कळलं. माझं म्हणणं आजही बरोबर आहे असं मला वाटतं. अडचण एवढीच होती की बरोबर असण्यानं रक्तदाब उतरत नव्हता.

दुर्बिणीच्या दोन तारखांच्या मध्ये मी एकदा गावी जायचं ठरवलं. भावाला भेटायला नव्हे. घराचे कागद तिथल्या ट्रंकेत होते. माझं काही झालं तर मुलाला कचेऱ्यांत हेलपाटे नकोत, एवढाच विचार. भाद्रपदातला गुरुवार होता. सोयीची गाडी तेव्हाची होती म्हणून गुरुवार. त्यापलीकडे काही कारण नव्हतं. महाडहून एसटीनं पोलादपूर, तिथून मिनीडोर रिक्षा, आणि फाट्यापासून चालत. चारच्या सुमारास वाडीत पोचलो. बायका शेतावर होत्या, ओळखीचं कुणी दिसलं नाही.

घराजवळ आलो आणि थबकलो. अकरा वर्षं बंद असलेल्या घराच्या ओटीवर गवत आणि शेवाळ असायला हवं होतं. ओटी ताजी सारवलेली होती. खुंटीला कधीचातरी सुकलेला हार होता. कुलपाला तेल दिलेलं होतं. आणि खिडकीच्या लाकडी कठड्यावर मेण होतं, एकावर एक थर चढून घट्ट झालेलं, दर वर्षी कुणीतरी त्याच जागी मेणबत्ती लावत असल्यासारखं.

जन्मभर कोर्टात काढलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी काय येतं, ते मी प्रामाणिकपणे लिहितो. मनात आलं: कब्जा. दादा माझी ओटी वापरतोय. बारा वर्षं उघड आणि बिनहरकत ताबा दाखवला की मालकाला जागा परत मागणं अवघड होऊन बसतं, आणि माझी अकरा झाली होती. एक उरलं होतं. उभ्या उभ्या मी नोटिशीचा मसुदा मनात तयार केला. तो चांगलाही झाला होता. मग खिशातून मोबाइल काढून पुरावा म्हणून मेणाचे फोटो घेऊ लागलो.

"फोटो कसला काढताय भावजी?" मागून आवाज आला.

वहिनी होत्या. हातात केरसुणी, काखेत गुंडाळलेली चटई. सत्तरीच्या पुढच्या, पण पाठ माझ्यापेक्षा ताठ. मी कुजबुजल्यासारखं विचारलं, "ही ओटी कोण वापरतं?"

"आवाजाला काय झालं गो बाई!" त्या आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कोण वापरतंय म्हंजे? वाचन बसतं. आज तुमच्या घरचा दिस हाय ना. म्हणून तर आलाव, नाय?"

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. दादानंच तर आमचं घर वाचनातून काढलं होतं.

"ते काय, बोलतात," वहिनी केर काढत म्हणाल्या. "परवा म्हशीला पण बोलले, परत गोठ्यात पाय टाकू नको. संध्याकाळी दार उघडं ठेवून वाट बघत बसले. सासूबायच्या घराचा दिस कोण काढणार? दर वर्षी बसतं. दार बंद म्हणून ओटीवर बसतं. खीर मी करते तुमच्या घरची. पाऊस आला तर मंडळी छत्र्या उघडून ऐकतात."

मी मोबाइल खिशात ठेवला. तो ठेवायला मला जरा वेळ लागला.

सहाला मंडळी जमली. वहिनींनी खिडकीच्या कठड्यावर बुद्धांची लहान मूर्ती ठेवली, फुलं ठेवली, आणि जुन्या मेणावर नवी मेणबत्ती टेकवली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. मला पाहून कुणी हंबरडा फोडला नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. "जय भीम काका, सरका जरा," एवढंच. दादा सर्वांत शेवटी आला. खांबाला टेकून बसला, माझ्याकडे न बघता.

"साहेब आले वाटतं," तो खांबाला म्हणाला. "हितं पंखा नाय बाबा. वाचायला काय गावायचं नाय वर."

सगळे हसले. मीही हसलो, पण त्यातून नुसता वारा बाहेर आला. दादानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

हल्ली वाचन सुनंदा करते. ती वाडीतली, आरोग्य केंद्राची आशाताई. तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलेलं. त्रिशरण-पंचशील झाल्यावर तिनं ग्रंथ उघडला आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवला. "तुमच्या घरचा दिवस आहे, तुम्हीच वाचा."

तोच ग्रंथ होता. मी घशाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "जमेल तेवढं. मी तुमच्या खुणांवरच शिकले." मग मला पानावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा, यासाठी मी तरुणपणी बारीक रेघा मारून ठेवल्या होत्या. पुसट झालेल्या रेघांवरून कुणीतरी पुन्हा पेन्सिल फिरवली होती. म्हणजे मी अकरा वर्षं महाडला भिंतीकडे बघत होतो, तेव्हा इथे रोज संध्याकाळी कुणीतरी माझ्या श्वासाच्या जागी थांबत होतं.

मी वाचायला लागलो. आवाज फाटका, खरखरीत. पहिला परिच्छेद कसाबसा झाला. दुसऱ्यात एका लांब वाक्याच्या मध्ये, अजून रेघ यायची होती आणि आवाज बंद झाला. ओठ हलत होते, शब्द नव्हता. पावसाची पागोळी तेवढी ऐकू येत होती. सुनंदा पुढे वाकली.

तेवढ्यात खांबाकडून पुढचे शब्द आले. दादा तिसरीत शाळा सोडलेला; वाचणं त्याला जमत नाही, सहीसुद्धा तो चित्र काढल्यासारखी करतो. पण पन्नास पावसाळे ऐकलेलं होतं. डोळे मिटून त्यानं ते वाक्य उचललं आणि सपाट, मोठ्या आवाजात माझ्या रेघेपर्यंत आणून सोडलं. तिथे बरोबर थांबला.

"हां. पुढं," तो म्हणाला.

मी पुढं वाचलं. आणखी दोनदा अडलो, दोन्ही वेळा त्यानं उचललं. अध्याय संपला.

नंतर खिरीच्या वाट्या फिरत असताना तो माझ्या शेजारी येऊन बसला. खीर ढवळू लागला. मग म्हणाला, "बारक्या, मी रागात बोललो होतो."

मी मान हलवली. माझंही बोलणं जास्त झालं, असं मला सांगायचं होतं, पण आवाज संपला होता.

"बोललो खरा," तो म्हणाला. "पण तू ऐकशील असं नव्हतं वाटलं रे. जन्मात कधी माझं ऐकलंस?"

मग त्यानं घशाला काय झालं ते विचारलं. मी हातानं आणि कुजबुजत सांगितलं. "तारखेला मी येतो," तो म्हणाला. "आता पाठीवर नाय घेणार. रिक्षा करू."

तो आला. दवाखान्याच्या बाकड्यावर तो मांडीवर पिशवी धरून बसला आणि प्रत्येक नर्सला माझं वय सांगत राहिला. डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. डाग बराच फिका झाला होता. नमुना काढायची गरज नाही, दर तीन महिन्यांनी दाखवा, म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, कशानं झालं? त्या म्हणाल्या, तंबाखू सुटली, औषध होतं, आवाज वापरात आला. नेमकं कशानं ते सांगता येत नाही. हे उत्तर मला आवडलं. रक्तदाब त्या दिवशी उतरला नव्हता. साखर आजही आहे. ज्या गुरुवारी मी गावी गेलो तोच नेमका आमच्या घराचा दिवस कसा निघाला, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. वर्षावासात तीन महिने वाचन असतं, घरं मोजकी आहेत. योगायोगाला जागा भरपूर आहे. मी वाद घालत नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनात बसली आहे. रोज सकाळी शरण जातो असं मी लहानपणापासून तीनदा म्हणत आलो. त्यातलं पहिलं आणि दुसरं मला सोपं वाटे. बुद्ध दूर होते आणि धम्म पुस्तकात होता. तिसऱ्यापाशी, संघापाशी, माझी गाडी अडत होती. संघ म्हणजे भिक्खू, हे मला पुस्तकातून माहीत आहे. मला तो भेटला माणसांच्या रूपात, आणि माणसं पंख्यावर नाव टाकतात, चारचौघांत अपमान करतात, करून घेतात. त्यांना शरण कसं जायचं? त्या संध्याकाळी मला कुणी जायला सांगितलं नाही. मी निघून गेलो होतो तेव्हाही त्यांनी माझं घर क्रमातून काढलं नव्हतं, माझ्या नावाची खीर आटवली होती, माझ्या कुलपाला तेल दिलं होतं, आणि हे मला कळवण्याची गरजही त्यांना वाटली नव्हती. मला फक्त तिथे बसायचं होतं. इतकंसं काम मी अकरा वर्षं लांबवलं आणि त्याचं व्याज माझ्या शरीरानं भरलं, असं मी मानतो. डॉक्टरांनी मानावं असा माझा आग्रह नाही.

यंदा आमच्या घराच्या पहिल्या दिवशी मी सकाळीच गेलो आणि दार उघडलं. मंडळी आली, आत डोकावली आणि सवयीनं ओटीवरच बसली. खीर वहिनींनीच केली. मी तांदूळ निवडले, तरी त्यातले खडे वाटीत आलेच, आणि त्यावर दादा दोन दिवस बोलत होता. विहारातला पंखा अजून तसाच आहे. मी वर बघत नाही. कठड्यावरचं मेण खरवडायला सुनंदा निघाली होती, मी तिला राहू दे म्हणालो.

आवाज पूर्वीचा नाही. ग्रंथात मी आता नव्या रेघा मारल्या आहेत, जुन्यांपेक्षा जवळजवळ, कारण श्वास तेवढा पुरत नाही. तरी एखाद्या वाक्यात रेघ यायच्या आधीच तो संपतो. पूर्वी अशा वेळी मी घाबरून घाई केली असती. आता थांबतो. पुढचं कुणीतरी उचलतं.